सत्तावीस नंबर

सोनकच्छच्या दवाखान्यातला लिनक्सवाला कॉम्प्युटर सुरू झाला की एक प्रोग्राम आधी उठायचा आणि मग बाकीच्यांना उठवायचा. तो जुना प्रोग्राम काढून नवा बसवणारी स्क्रिप्ट विहंगने लिहिली आणि सकाळी देवासहूनच चालवली. औषधांची यादी उघडली, बिलंही निघाली. भिंतीवरच्या नंबरच्या बोर्डाला उठवायची ओळ घालायला मात्र तो विसरला.

दुपारी कंपाउंडरचा फोन आला. "भिया, बोर्ड सुबह से बंद आहे. हाका मारूनच पेशंट आत सोडले. सगळे झाले, फक्त सत्तावीस नंबर आलाच नाही."

छातीत दुखतंय म्हणून विहंगनेच सकाळी वडिलांना, अण्णांना, तिथे जायला सांगितलं होतं. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मेसेजमध्ये बजावलंही होतं, 'बोर्डावर तुमचा नंबर दिसेल तेव्हाच उठा.'

"काळ्या टोपीतले कोणी बसलेत का बघ," तो म्हणाला.



"हो ना, कोपऱ्यात झोपलेत बिचारे. चिठ्ठी अजून मुठीत आहे, भिया. सत्तावीसच दिसतोय."