आसूढाळ

उड्यांच्या स्पर्धांसाठी घोडे पैदा करायला कळमेश्वरच्या घोड्यांच्या फार्मच्या मालकांना दोन तरुण घोड्यांतला एक निवडायचा होता; दुसरा खच्ची होणार. तिथं घोडे सांभाळणाऱ्या दीक्षाच्या बाबांनी वाढवलेल्या भुऱ्याने चार फुटांची दांडी पाखरासारखी ओलांडली, दुसऱ्याने दोनदा पाडली. दीक्षाने मनातल्या मनात निळा गुलालही उधळला. मालकांनी मात्र भुऱ्याच्या डोळ्याखालचा केसांचा भोवरा बोटाने चाचपला. “आसूढाळ आहे. अपशकुनी. याचं बीज नको.” “सर, उडी तो पायानं मारते, भोवऱ्यानं थोडी?” “जन्माची खूण आहे पोरी, पुसली जात नाही.” “बाबा, तुम्ही काहून चूप?” “हे मी लय जागी ऐकलं वं,” बाबा म्हणाले आणि त्यांनी लगाम धरला. खच्ची करायला आलेल्या डॉक्टरांनी गुंगीची सुई टोचली. तीन वर्षांत पहिल्यांदाच भुऱ्याच्या डोळ्यातून पाणी ओघळलं, नेमकं त्या भोवऱ्यावर थांबलं. “बघ,” मालक म्हणाले, “उगाच म्हणतात का आसूढाळ?”