उपासातली वाटेकरीण

धाकट्या जावेच्या मुलाने, स्वप्निलने, नागावच्या किनाऱ्यावर कॉकटेलचं हॉटेल काढलं आणि मालतीबाईंच्या पोटात दुखायला लागलं. मुंबईची माणसं गाड्या भरभरून येत होती. घरच्या कोकमाच्या आगळात मिरची आणि दारू घालून दिली की फोटो काढत बसत होती. आपला मुलगा मात्र अजून कंपनीत रात्रपाळी करतो, हे मालतीबाईंना कोणी विचारायच्या आधीच आठवायचं.

जावेने, नलूने, हॉटेलात जेवायला बोलावलं, तेव्हा त्यांनी मुद्दाम संकष्टीचा दिवस निवडला. निदान खोटं कौतुक करत घास गिळायला नकोत.

"मला कुणी आग्रह करू नका हं," खुर्चीत बसता बसता त्या शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "चंद्र उगवल्याशिवाय मी काही तोंडात घालत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे माझा."

"ठाऊक आहे की, ताई," नलू हसली. "म्हणून आज मीपण उपास धरलाय. तुम्ही उपाशी आणि मी समोर बसून जेवू होय? दोघी मिळूनच सोडू."

शेजारची बाई कौतुकाने वळून बघू लागली. नलूकडे.

मुलगा तिचा, हॉटेल तिचं, गर्दी तिची. एक उपास तेवढा आपला होता.

चंद्रोदयाला अजून तास होता.

"स्वप्निल," मालतीबाईंनी हाक मारली, "काहीतरी खायला आण रे. भूक लागलीय मला."