आठ मंगळवार

केशरच्या कमरेला दोर बांधून बायकांनी तिला विहिरीत सोडलं. वस्तीत सगळ्यांत हलकी तीच. तळाच्या खडकात ओंजळभर झरा होता. जर्मनच्या वाटीनं तो उपसायचा, घागर भरायची, वर पाठवायची. एका घागरीला तास लागायचा.

"आत्याबाई," खालून आवाज आला, "दोर धरलाय का तंबाखू मळताय?"

"दोन्ही करते. तू भर मुकाट," तिची सासू दगडाबाई म्हणाली.

बायका हसल्या. तेवढ्यात विहिरीच्या कडेची माती भुरभुरत खाली गेली आणि हसणं थांबलं.

दुसऱ्या वर्षीही पाऊस नव्हता. गावात सहकारी संघाचा टँकर यायचा. ख्रिस्ती वस्ती गावापासून दीड कोस लांब, माळाच्या पलीकडे. वीस उंबरे. तिथे टँकर फिरकत नव्हता. गावात जावं तर वस्तीच्या घागरी रांगेत शेवटी लागत आणि तोवर टँकर रिकामा होई. कुठल्या वस्तीला टँकर पाठवायचा ते संघाचे चेअरमन मोहनराव ठरवत. त्यांच्या मनातच आपण नाही, असं वस्तीला वाटायचं.

मोहनराव मंगळवारी संघाच्या शिरूरच्या ऑफिसात बसत. म्हणून दर मंगळवारी याकोब पाळक शिरूरला जायचे. पाच कोस जाणं, पाच कोस येणं, पायी. अंगात धुऊन विरलेला काळा कोट. उपदेश करतानासुद्धा त्यांची नजर कधी लोकांकडे वळत नसे. पण आता माणसं त्यांची वाट बघत माळावर उभी राहत.

"काय म्हणले चेअरमन?" दगडाबाई विचारायची.

"काय म्हणणार?" पाळक पायांची धूळ कोरडीच झटकायचे. "प्रभू मार्ग काढील."

"मुडदा बशिवला त्याचा. काळीज हाय का धोंडा?"

"असं बोलू नये, बाई. त्यांच्यासाठीसुद्धा प्रार्थना करा."

दहा कोस चालून आलेला माणूस असं बोलतो, हे ऐकून बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

दुष्काळाआधी रविवारी देवळात दहा-अकरा डोकी असायची. आता बाहेर अंगणात पोती अंथरावी लागत. पाळक हळू आवाजात सांगायचे, "माझे वडील पाटलाच्या विहिरीपाशी दुपार-दुपार बसायचे. कुणी यावं, वरून ओंजळीत ओतावं. प्रभूच्या घरात आलो त्या दिवशी वडील मला म्हणाले, पोरा, आता कुणापुढं ओंजळ करायची न्हाई." मग जरा थांबून म्हणायचे, "संकट माणसाला रिकामं करतं. पण देव भरतो ते रिकाम्या भांड्यातच."

पूर्वी उपदेशात डुलक्या घेणारी दगडाबाई आता उठून साक्ष द्यायची. "पाणी आटत गेलं तसा प्रभू जवळ येत गेला. भरल्या घरात मला त्याची आठवण नव्हती."

सातव्या मंगळवारी पाळक परतल्यावर ती त्यांच्या दारात गेली.

"पाळकसाहेब, पुढच्या खेपेला मी येते संगं. विहीर खचायली. केशरला आजून किती दिस खाली सोडू? मी पाय धरते मोहनरावाचे."

पाळक झटकलेली धूळ पुन्हा झटकत राहिले.

"तुम्ही नका येऊ," ते म्हणाले. "ऊन फार आहे. प्रार्थना करा. काम त्यानंच होईल."

आठव्या मंगळवारी पाळक शिरूरला गेले होते तेव्हा विहिरीची पूर्वेची बाजू खाली आली. दोर बायकांच्या हातात राहिला. केशरला बाहेर काढायला दिवस मावळला. माळ उतरून आलेले पाळक गर्दीच्या मागेच उभे राहिले.

मातीच्या वेळी त्यांना प्रार्थना पुरी करता आली नाही. "ही आपली परीक्षा..." एवढंच म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. वस्तीनंच त्यांना सावरलं.

त्या रविवारी वर्षानुवर्षं न आलेली माणसंसुद्धा देवळात आली. दगडाबाई उभी राहिली. "केशर गेली. म्हणून काय मी प्रभूचा पदर सोडू?" तिच्यामागून सगळी वस्ती गुडघे टेकून बसली. इतकी प्रार्थना त्या देवळात कधी झाली नव्हती.

पुढच्या मंगळवारी पाळकांना ताप होता. दगडाबाई कुणाला न सांगता एकटी शिरूरला गेली. तिला आता पाणी मागायचं नव्हतं. मोहनरावाच्या तोंडावर एक गोष्ट विचारायची होती.

"बसा मावशी," मोहनराव म्हणाले.

"बसायला न्हाई आले. आमचे पाळक आठ मंगळवार तुमच्या दारात आले. आठ डाव तुमी न्हाई म्हणलात. माझी सून मातीखाली गेली. कावून? आमी ख्रिस्ती म्हणून?"

मोहनरावांनी चष्मा काढला. "कोण पाळक? माझ्यापुढं कुणीच आलं न्हाई. नुसतं तोंडी सांगितलं तरी आपण टँकर देतो, मावशी. माळावरच्या वस्तीला गरज न्हाई, असं या वैजिनाथनंच मला सांगितलंय."

कोपऱ्यातल्या टेबलावरचा कारकून वैजिनाथ उठला.

"काळ्या कोटातले बाबा ना? ते आत कधी आलेच न्हाईत. समोरच्या लिंबाखाली बसायचे दुपारभर. पहिल्याच मंगळवारी मी यादी घेऊन त्यांच्याकडं गेलतो. म्हणलं, बाबा, तुमच्या वस्तीला टँकर पायजे का?"

"मग?" दगडाबाईनं विचारलं.

"लगेच उठून उभे राहिले. कोट सारखा केला. म्हणले, ‘नको साहेब. देवाच्या दयेनं आमच्याकडं पाणी लई हाय.’"