अजून अहोच

हिंजवडीतल्या सोसायटीच्या ट्रॅकवर मकरंद आणि समोरच्या इमारतीतले उंबर्जे रोज संध्याकाळी बरोबर चालत. दोघांच्याही कानात बटण असे. समोरच्याशी किती जवळीक झालीय ते जोखून, त्याला 'अहो' म्हणायचं की 'अरे', हे तेच सांगे. बेटं वर्षभर 'अहो'वरच अडून बसलं होतं.

आज उंबर्जे मध्येच थांबले. त्यांनी बटण काढून खिशात टाकलं.

"मकरंद, अरे, नोकरी गेली रे माझी. घरी सांगायचा धीरच होत नाहीये."

'चल, बस इथे, बोलू आपण,' हे मकरंदच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात कानात कुजबुज झाली, "अजून अहोच."

"तुम्ही... काळजी घ्या," तो म्हणाला.

उंबर्जेंनी बटण पुन्हा कानात घातलं.

"हो," ते हसून म्हणाले, "तुम्हीही घ्या."