खड्याला आलेलं फूल

राजारामपुरीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत अंजनानं लिथॉप्सचं रोप लावलं होतं. दिसायला हुबेहूब खडा, मधोमध चीर आणि त्या चिरीतून येणारं फूल. पाणी अगदी जपून घालायचं. चीर उघडायला लागली की थेंबही नाही.

"आपल्या पावसात हे जगत न्हाय," नवरा बाबासो म्हणाला होता. तसंच झालं. आषाढात रोप कुजलं. त्याला कळू नये म्हणून अंजनानं त्या जागी पंचगंगेतला गुळगुळीत खडा खोचला आणि हट्टानं त्यालाच चमच्यानं पाणी घालत राहिली.

दिवाळीत खडा उकलला. पिवळंजर्द फूल आलं!

"आयला, जिंकलीस की!" बाबासो ओरडला. सगळी बिल्डिंग बघायला लोटली. अंजनाची मान ताठ. खरं काय ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

पावण्यांसाठी वाटण करायला ती आत गेली. सासूबाईंचा दगडी पाटा धुताना बोट अडखळलं. मधोमध बारीक, सरळ चीर होती. बघता बघता ती रुंदावली.

अंजना हसली. तिनं घाईघाईनं पाटा पदरानं कोरडा केला आणि उचलून गॅलरीच्या उन्हात ठेवला.

आता थेंबही नाही.