कमरेला बसेल असं

"हे नको." ऑडेलने तिच्या हातातलं चिमुकलं गुलाबी पिस्तूल काढून घेतलं. "दिसायला गोड, पण हातात असं उसळतं की चार गोळ्या झाडल्यावर तू पुन्हा त्याला शिवणार नाहीस."

"मग सगळीकडे बायकांना हेच का दाखवतात?"

"दाखवणारे सगळे पुरुष असतात म्हणून."

ती हसली. सकाळी दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच. जॅनेल तिचं नाव. वय चौतीस-पस्तीस, दातांच्या दवाखान्यात कामाला. तिने पहिला प्रश्नच असा विचारला होता, "कपड्यांखाली दिसणार नाही आणि रोज जवळ बाळगता येईल, असं कुठलं?"

ऑडेल प्रेटर अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या त्या बंदुकांच्या दुकानात बावीस वर्षं काउंटरमागे उभा होता. हरणांच्या शिकारीच्या मोसमात रायफली विकताना तो जांभया द्यायचा. पण पहिल्यांदाच पिस्तूल घ्यायला एखादी बाई आली, की चौसष्ट वर्षांचा हा माणूस एकदम तरतरीत व्हायचा. त्याचं कारण दुकानाच्या मालकिणीला, रोंडाला, माहीत होतं. त्याच्या धाकट्या बहिणीला, व्हर्नाला, तिचा नवरा सुखाने जगू देत नव्हता. "शनिवारी जाऊ, तुला एक घेऊन देतो," असं म्हणत ऑडेलने तीन शनिवार घालवले. चौथ्या शनिवारी तिला पुरलं.

"कोणामुळे?" त्याने हळूच विचारलं.

"नवरा. म्हणजे, होता." जॅनेल काचेखालच्या पिस्तुलांकडे बघत होती. "कोर्टाचा हुकूम झालाय. पाचशे फुटांच्या आत यायचं नाही म्हणून."

"कागदाला कोण भीक घालतं?"

"तेच म्हणते मी."

ऑडेलने मधल्या आकाराचं एक काळं पिस्तूल काढलं. मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन बाहेर घेतलं, नळीवरची स्लाइड मागे ओढून आत बघितलं आणि मगच तिच्यापुढे धरलं. "रिकामं आहे. पण मी सांगतोय म्हणून मानू नकोस, स्वतः बघ. दर वेळी बघायचं."

तिने बघितलं. बोट आपोआप ट्रिगरकडे जायला लागलं, तसं त्याने ते उचलून सरळ बाजूला टेकवलं. "झाडायचं ठरवेपर्यंत बोटाची जागा ही."

मूठ नेमकी बसली. स्लाइडही तिला ओढता आली. मग मागच्या बाजूच्या सरावाच्या खोलीत तिच्या पहिल्या पाच गोळ्या निशाण्याच्या कागदभर उधळल्या. तिसऱ्या मॅगझिनला मात्र सगळी भोकं एका बशीत मावतील इतकी जवळ आली. जॅनेलने आवाज अडवणारे कानांवरचे ठोकळे काढले. गाल लालबुंद झाले होते.

"अजून एक मॅगझिन, मिस्टर ऑडेल?"

"झाड की, पोरी. झाड."

ऑडेल लहान मुलासारखा हरखून गेला होता. इतकं पटकन शिकणारं माणूस त्याने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"पर्समध्ये ठेवलं तर?" तिने बाहेर आल्यावर विचारलं.

"मुळीच नाही. पर्स हिसकावली जाते, पर्स विसरते, आणि पोरं पर्समध्ये चॉकलेट शोधतात. मुलं आहेत?"

"दोन. सध्या माझ्याकडे नसतात."

"आजीकडे ठेवलीस ना? शहाणपणा केलास. तरी घरी कुलपाची पेटी हवीच."

ती पट्ट्यांच्या रांगेकडे वळली. त्याने ट्रिगर पूर्ण झाकणारं, टणक होल्स्टर, पिस्तुलाचं म्यानच म्हणा, निवडलं, जाड पट्टा दिला आणि उजव्या कमरेवर, जरा मागे, ते कुठे बसतं ते दाखवलं. वर सैलसर शर्ट. मग तिला खुर्चीत बसायला लावलं, वाकायला लावलं, पडलेली किल्ली उचलायला लावलं.

"सारखं चाचपायचं नाही. चाचपलंस की समोरच्याला कळतं. आणि परत ठेवताना घाई नाही, बघून ठेवायचं. पहिले पंधरा दिवस रिकामंच बाळग." तो थांबला. "तो गाठेल कुठे, काही अंदाज?"

"कामावरून सव्वापाचला सुटतो. पांढरा पिकअप, बेकरीच्या मागे लावतो. शुक्रवारी एकटाच असतो."

"बरीच माहिती ठेवली आहेस."

"ठेवावी लागते."

व्हर्नाने एवढी ठेवली असती तर, असं ऑडेलच्या मनात आलं.

"ऑडेल," रोंडा गल्ल्यावरून ओरडली, "तिला पळवून नेणार आहेस की जेवायला सोडणार आहेस? दोन वाजले."

"हा सरकारी फॉर्म भरला की झालं," ऑडेल म्हणाला आणि जॅनेलपुढे कागद सरकवला. "नीट वाच आणि खरं तेच लिही. यात खोटं लिहिलं तर थेट तुरुंग."

ती परीक्षेला बसल्यासारखी मान खाली घालून लिहू लागली. ऑडेल पिस्तूल पुसत होता, शीळ घालत होता. रविवारी व्हर्नाच्या थडग्यावर जाऊन हे सगळं सांगायचं, असं त्याने ठरवूनही टाकलं.

तिने कागद परत दिला. ऑडेल चष्मा लावून एकेक ओळ बघत गेला आणि मध्येच हसला.

"एवढं चुकलीस बघ. इथे 'हो' केलंयस. जोडीदाराला धमकावू नये, त्याच्यामागे लागू नये, असा हुकूम तुझ्यावर आहे का, असं विचारलंय. तुझ्यावर. तो आला असता पिस्तूल घ्यायला, तर त्याने 'हो' केलं असतं आणि रिकाम्या हाताने परत गेला असता." त्याने नवा कोरा फॉर्म काढला. "पुन्हा भर, घाबरू नकोस."

जॅनेलने शब्दाशब्दावर बोट ठेवत तो प्रश्न पुन्हा वाचला. मग पेनाला टोपण लावलं.

"मग 'हो' बरोबरच आहे की," ती म्हणाली.