एकतीस पहिले

कॉलेजचं क्रेडिट मिळवून देणाऱ्या एपी परीक्षांतल्या यशस्वी मुलांचा गुणगौरव करायचा, असं कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मराठी मंडळात ठरलं. अध्यक्षा सुनेत्राने पहिल्या बक्षिसासाठी हट्टाने अट घातली, आठ विषयांत पाचपैकी पाच. हे आपल्या नेत्राशिवाय कुणाला जमतंय!

निकाल लागला. एकतीस मुलं पहिली आली आणि नेत्रा एका विषयात चारवर अडकली. सुनेत्राने तोंडातल्या तोंडात परीक्षकांचा उद्धार केला, घाईघाईने एक उत्तेजनार्थ बक्षीस काढलं आणि लेकीला स्टेजवर चढवलं. टाळ्या बेताच्याच पडल्या.

घरी पोचते तोच मंडळातल्या सत्यजितचा फोन.

"सुनेत्राताई, आमची यामिनी पुढच्या वर्षी बसतेय. त्या एकतीस जणांच्या गर्दीत कॉलेजवाल्यांना ती दिसणार कशी? ते एकमेव उत्तेजनार्थ मिळवायला नक्की किती विषयांत चार पाडायचे?"